नववीतल्या मुलीच्या फोनमध्ये कोणती ॲप्स असावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी 14 वर्षांची, नववीत. क्लास लांब आहे म्हणून मामाचा जुना अँड्रॉइड फोन तिला द्यायचं ठरलंय. वडील म्हणतात, फक्त अभ्यासाची ॲप्स ठेवायची. तिला इन्स्टाग्राम हवंय, कारण मैत्रिणींचं सगळं तिथेच चालतं. उपयोगी, थोडी मजेची आणि सुरक्षित अशी ॲप्स कोणती? आणि तिच्या नकळत लक्ष ठेवणारं एखादं ॲप टाकावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नको. लपून लक्ष ठेवणारी ॲप्स तिचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे हे सगळं गोळा करून एखाद्या परक्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात, आणि अशा कंपन्यांचा साठा फुटून बाहेर आल्याचं जगात एकापेक्षा जास्त वेळा घडलंय. जिच्या काळजीपोटी हे करायचं, तिचीच माहिती आपण आपल्या हाताने बाहेर पाठवायची. शिवाय हे कधी ना कधी तिला कळतंच. या वयाच्या मुली एकमेकींचे फोन फार बारकाईने बघतात. कळलं की ती दुसरं खातं काढते, मैत्रिणीच्या फोनवरून वापरते, आणि उद्या खरोखर काही झालं तर सांगायला तुमच्याकडे येत नाही. तिच्या माहितीने, उघडपणे लक्ष ठेवायची सोय गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये फुकट आहे, ती पुढे सांगते.

मी शाळेत संगणक शिकवते आणि आठवी ते दहावीच्या मुली नि त्यांच्या पालकांसाठी फोनच्या वापरावर कार्यशाळा घेते. पालकसभेत हमखास मागणी असते ती यादीची: चांगली ॲप्स सांगा, वाईट सांगा. यादी मी देणार आहे. पण ॲप चांगलं की वाईट हे त्याच्या नावावरून किंवा विषयावरून ठरत नाही. मी प्रत्येक ॲपला आधी एकच प्रश्न विचारते: यातून अनोळखी माणूस मुलीपर्यंत पोचू शकतो का? ज्या ॲपला बाहेरचं दारच नाही, तिथे मन मोकळं ठेवा, तिला हवं ते करू द्या. ज्याला दार आहे, तिथे तिच्या शेजारी बसून कडी कुठे आहे ते दोघींनी मिळून बघा.

या प्रश्नाला लावून पाहिलं की ‘फक्त अभ्यासाची ॲप्स’ हा तुमच्या मिस्टरांचा नियम टिकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत टेलिग्रामवरचे नोट्सचे ग्रुप वारंवार येतात. ‘इयत्ता नववी, दहावी, सर्व विषय, मोफत पीडीएफ’ अशी नावं, आत हजारो सदस्य. त्यांत मुलं कोण, शिक्षक कोण आणि ज्यांचा शाळेशी काडीचा संबंध नाही असे कोण, हे कुणालाच माहीत नसतं. मुलगी ग्रुपमध्ये गणिताची शंका विचारते आणि पाच मिनिटांत कुणीतरी वैयक्तिक मेसेज करतं: ‘मी समजावून सांगतो, कोणती शाळा?’ घरच्यांना वाटतं पोर अभ्यास करतेय, आणि ती खरंच अभ्यासच करत असते. नोट्ससाठी टेलिग्राम लागतच असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर कुणालाच दिसणार नाही असं करा, डीपी फक्त ओळखीच्यांना दिसू दे, आणि ग्रुपमध्ये कोण सामील करू शकतं तिथे फक्त आपले कॉन्टॅक्ट ठेवा. काही शिकवणीची ॲप्स नाव आणि नंबर घेतल्याशिवाय उघडतच नाहीत. त्यानंतर कोर्स विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात, आणि ते फोन चौदा वर्षांची मुलगी उचलते. तिथे नंबर तुमचा द्या.

आता दार नसलेली ॲप्स. इथे मला खरंच आनंदाने लिहायला आवडतं, कारण पालकसभेत आमचा सगळा वेळ धोक्यांवर जातो आणि फोन हे किती सुंदर साधन आहे हे सांगायचं राहून जातं.

नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने फायफॉक्स नावाचं फुकट ॲप केलंय. फोनमध्ये माइक, चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, हालचाल टिपणारा सेन्सर असं बरंच काही असतं. हे ॲप त्या सगळ्यांची मोजमापं उघडी करून देतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. दोघी मैत्रिणींनी आपापले फोन घेऊन मोजून 5 मीटर अंतरावर उभं राहायचं आणि दोन्हीकडे स्टॉपवॉच तयार ठेवायचं. पहिलीने टाळी वाजवली की दोन्ही फोनचं घड्याळ सुरू होतं, दुसरीने वाजवली की बंद. दोन्ही फोनवरच्या वेळा किंचित वेगळ्या येतात, साधारण 0.029 सेकंदाचा फरक. पहिल्या टाळीचा आवाज दुसऱ्या फोनपर्यंत उशिरा पोचला आणि दुसऱ्या टाळीचा पहिल्यापर्यंत, म्हणून हा फरक. दोन फोनांमधल्या अंतराच्या दुपटीला या फरकाने भागलं की ध्वनीचा वेग हातात येतो, सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. मोकळ्या मैदानावर, वारा नसताना केलं तर उत्तर छान जुळतं. पुस्तकातला आकडा आपल्या टाळीतून निघाला की मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात. स्वस्त फोनमध्ये सगळे सेन्सर नसतात, त्यामुळे त्यातले काही प्रयोग चालणार नाहीत, पण माइक तर प्रत्येक फोनला असतो.

मर्लिन हे असंच दुसरं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. गच्चीवर फोन धरला की ऐकू येणाऱ्या आवाजावरून पक्षी ओळखतं. भारतातल्या पक्ष्यांचा संच वायफायवर एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं. दयाळ, कोतवाल, तांबट, सातभाई हे तुमच्या अंगणात येतच असतील, पण सकाळी कोण कधी गातं हे कळायला लागलं की पोरं आपणहून लवकर उठतात. झाडाझुडपांसाठी आणि किड्यांसाठी सीक हे ॲप आहे, निसर्गातल्या नोंदी गोळा करणाऱ्या आयनॅचरलिस्टवाल्यांचं. त्याला खातं उघडावं लागत नाही, नाव-ईमेल काही द्यावं लागत नाही. आपल्याकडच्या वनस्पतींच्या बाबतीत कधीकधी ते कुळापर्यंत येऊन थांबतं, नेमकी जात सांगत नाही. तिथून पुढचं पुस्तकातून शोधायला लावा.

बुद्धिबळाची आवड असेल, किंवा नसली तरी, लिचेस घ्या. पूर्णपणे मोफत, जाहिराती नाहीत, काही विकत घ्या म्हणून मागे लागत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये, 19 व्या वर्षी, जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर आमच्या शाळेत पट मागायला मुली यायला लागल्या. लिचेसवर जगभरातल्या लोकांशी खेळता येतं, म्हणजे तिथे गप्पांचं दार आहे. पण खात्याच्या सेटिंगमध्ये मुलांसाठीचा ‘किड मोड’ आहे. तो चालू केला की गप्पा आणि मेसेज बंद, फक्त खेळ. पहिल्याच दिवशी चालू करा.

बाकीची भराभर सांगते. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी दीक्षा. भूमितीसाठी आणि आलेखांसाठी जिओजेब्रा. खान अकॅडमी ना-नफा संस्थेची आहे, फुकट आहे, आणि गणितात पाया कच्चा राहिला असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. इंग्रजी माध्यम नसेल तर सुरुवातीला शेजारी बसावं लागेल. चित्रकलेसाठी स्केचबुक, फोटो नीट करायला गूगलचं स्नॅपसीड. गाणं शिकत असेल तर तानपुरा-तबल्याची साधी ॲप्स मिळतात, त्यातलं कमीत कमी परवानग्या मागणारं निवडा. वाचनासाठी ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत. त्याला ॲपसुद्धा लागत नाही, ब्राउझर पुरतो. कोरियन मालिका बघून कोरियन शिकायचं वेड सध्या मुलींमध्ये खूप आहे, त्याला हसू नका. डुओलिंगोवर लिपी शिकता येते, आणि एक नवी लिपी स्वतःहून शिकलेली मुलगी पुढे जपानीही शिकेल, जर्मनही. फक्त त्या ॲपला रोज हजेरी लावून घ्यायची सवय आहे. रात्री अकराला ‘आज धडा राहिला’ म्हणून आठवण येते. तेवढ्या सूचना बंद करून ठेवा.

आता एक विषय जो पालकसभेत वडील समोर असले की कुणी काढत नाही. मासिक पाळीची नोंद ठेवणारी ॲप्स. तुमच्या मुलीच्या फोनवर ते येणारच, तुम्ही सांगा न सांगा. मैत्रिणी एकमेकींना सुचवतात. सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी तिला आधी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट तब्येतीची. मागे एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. फोनवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं की पाळी नऊ दिवस लांबली आहे. खाली एका जाहिरातीत गर्भचाचणीचं किट. तिने असं काही केलेलंच नव्हतं, पण ॲप म्हणतंय म्हणजे आपल्याला काहीतरी झालंय, या विचाराने ती दोन रात्री झोपली नव्हती. आईला विचारायची भीती, कारण आई भलतंच काही समजेल. झालं होतं इतकंच की ॲपने मोठ्या बायकांचं 28 दिवसांचं चक्र धरून हिशेब केला होता. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत चक्र 21 ते 45 दिवसांचं असणं नेहमीचं आहे, आणि दर महिन्याला ते बदलूही शकतं. सलग 90 दिवस पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकला, किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागायला लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचं. हे तीन मुद्दे तिला तोंडपाठ असू देत. मग ॲपने लाल रंगात काहीही लिहिलं तरी ती घाबरणार नाही, आणि घाबरलीच तर तुमच्याकडे येईल.

दुसरी गोष्ट माहितीची. या नोंदी मुलीच्या शरीराच्या आहेत आणि त्यांना बाजारात किंमत आहे. फ्लो हे या प्रकारातलं जगभर प्रसिद्ध ॲप. माहिती खासगी ठेवू असं सांगूनही त्याने ती फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांच्या जाहिरात-विश्लेषणाच्या यंत्रणांकडे जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि 2021 मध्ये त्यावर समझोता झाला. म्हणून मी ड्रिप किंवा युकी सुचवते. दोन्हींत नोंदी फोनमध्येच राहतात, खातं काढावं लागत नाही, आणि कुलूप लावता येतं. दिसायला साधी आहेत, इंग्रजीत आहेत, पण तारीख टाकायला फार इंग्रजी लागत नाही. आणि कपाटाच्या दाराला आतून लावलेलं कालनिर्णय अजूनही उत्तम काम करतं, हेही तिला सांगा.

कोणतंही ॲप टाकण्याआधी प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ नावाचा भाग असतो, तो उघडायची सवय लावा. ही माहिती ॲपवाल्यांनी स्वतः भरलेली असते, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हे, पण तिथेच ‘लोकेशन, कॉन्टॅक्ट, फोटो इतरांना दिले जातात’ असं लिहिलेलं असलं तर पुढचा विचार करायची गरजच उरत नाही. वयाची खूण बघा: 3+, 7+, 12+, 16+, 18+. मग परीक्षणं उघडून पाच ताऱ्यांची सोडा आणि एका ताऱ्याची वाचा. पैसे कापले गेले, जाहिराती अश्लील आहेत, बंद होत नाही, हे सगळं तिथे लोकांनी लिहिलेलं असतं. टाकल्यानंतर परवानग्या. कॅल्क्युलेटरला माइक कशाला? वॉलपेपरच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला? फोटो सजवणाऱ्या ॲपला फोटो लागणार हे खरं, पण नव्या अँड्रॉइडमध्ये सगळी गॅलरी न देता निवडक फोटो देता येतात. तेच निवडा. लोकेशन मागितलं तर ‘वापरतानाच’ द्या, आणि नेमकं ठिकाण न देता अंदाजे ठिकाण द्यायची सोयही असते.

पैशाचं दार वेगळं असतं. ‘तीन दिवस मोफत’ म्हणणारी फोटोची ॲप्स चौथ्या दिवशी वर्षाचे पैसे कापतात. ॲप फोनमधून काढून टाकलं तरी वर्गणी सुरूच राहते, ती प्ले स्टोअरमधल्या पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते. तिच्या फोनला तुमचं यूपीआय जोडू नका. रमी, फँटसी टीम असे पैसे लावायचे खेळ ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झालेत, तरी ‘खेळा आणि कमवा’ म्हणणारं एखादं ॲप लिंकवरून पाठवलं जातंच. लिंकवरून कोणतंही ॲप उतरवायचं नाही, हा एक नियम मी मुलींकडून वहीत लिहून घेते.

आता ज्यासाठी घरात वाद चाललाय ते इन्स्टाग्राम. माझं मत स्पष्ट आहे: तिचं वय नियमात बसतं, मैत्रिणी तिथे आहेत, तर पूर्ण नकार देऊन काही साधत नाही. ते लपून उघडलं जातं, आणि लपून उघडलेलं खातं जवळपास नेहमी खोट्या जन्मतारखेचं असतं. गोम तिथेच आहे. फेब्रुवारी 2025 पासून भारतात इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालच्या मुलांची खाती ‘टीन अकाउंट’मध्ये टाकायला सुरुवात केली. त्यात खातं आपोआप खासगी असतं. जिला ती फॉलो करते किंवा जिच्याशी आधीच जोडलेली आहे तिचाच मेसेज येतो. दिवसाला 60 मिनिटं झाली की बंद करायची आठवण येते, आणि रात्री 10 ते सकाळी 7 सूचना गप्प होतात. सोळा वर्षांखालच्या मुलीला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकाची परवानगी लागते. पण हे सगळं खऱ्या जन्मतारखेवर उभं आहे. वर्गातल्या मुलींनी सांगितलं म्हणून तिने 2005 टाकलं, की इन्स्टाग्रामच्या लेखी ती मोठी बाई झाली आणि यातलं एकही संरक्षण तिला मिळत नाही. म्हणून खातं तुमच्यासमोर उघडा, तारीख खरी टाका. नावात शाळा, गाव, जन्मवर्ष नको. डीपीवर गणवेशातला फोटो नको, त्यावरचा शाळेचा बिल्ला वाचता येतो.

स्नॅपचॅटच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. नववीत थांबा असंच सांगते. मेसेज नाहीसे होतात म्हणून मुली त्यात निर्धास्त होतात, पण समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो, दुसऱ्या फोनने फोटो घेऊ शकतो. वर ‘स्ट्रीक’ तुटू नये म्हणून रोज काहीतरी पाठवत राहायचं. आधीपासून असेलच तर स्नॅप मॅपवर घोस्ट मोड चालू आहे ना, ते आज बघा, नाहीतर तिने ज्यांना मित्र म्हणून घेतलंय त्यांना ती क्लासला कधी पोचली हेही नकाशावर दिसत राहील.

व्हॉट्सॲप सगळ्यांना घरचं वाटतं, म्हणून त्याच्या सेटिंगकडे कुणी बघत नाही. लास्ट सीन, डीपी, स्टेटस हे फक्त कॉन्टॅक्टना. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथेही तेच. अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू. सहा आकडी पिनचं दुहेरी संरक्षण चालू. आणि महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून बघायचं. ‘तुझा फोन जरा दे’ म्हणून कुणीतरी तिचा फोन घेतो, दहा सेकंदांत त्याने आपल्या लॅपटॉपवरचा क्यूआर स्कॅन करतो, आणि मग तिचं सगळं बोलणं तिकडे दिसत राहतं. हे अनोळखी माणूस करत नाही. ओळखीचाच करतो, कधी ‘आवडतेस’ म्हणणारा, कधी भाऊ.

गप्पा मारणारी एआय ॲप्स नवीन आहेत आणि त्यांच्याबद्दल पालकांना फार कमी माहिती आहे. अभ्यासातली शंका विचारायला चॅटजीपीटीसारखं ॲप मोठ्यांच्या नजरेसमोर वापरलं तर हरकत नाही, त्यासाठी किमान वय 13 आहे आणि अठरापर्यंत पालकांची संमती अपेक्षित आहे. पण काल्पनिक मित्र किंवा प्रियकर होऊन बोलणारी ॲप्स या वयात अजिबात नकोत. त्यातल्या कॅरेक्टर एआय या मोठ्या कंपनीने स्वतःच नोव्हेंबर 2025 पासून अठराखालच्यांना मोकळ्या गप्पा बंद केल्या, यावरून काय ते समजा. एकटी पडलेली मुलगी तिकडे जास्त ओढली जाते, म्हणून असं ॲप दिसलं तर रागावण्याआधी शाळेत तिचं कुणाशी बिनसलंय का ते विचारा. मन फारच खालावलेलं वाटलं तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात.

फॅमिली लिंकबद्दल सांगायचं राहिलंय. तुमच्या फोनवरून तुम्हाला तिने कोणतं ॲप मागितलंय ते दिसतं आणि मंजूर किंवा नामंजूर करता येतं, रात्रीची वेळ ठरवता येते, फोन कुठे आहे ते कळतं. तिचे मेसेज त्यात वाचता येत नाहीत, आणि तसंच असायला हवं. तुम्हाला काय दिसतं हे तिलाही तिच्या फोनवर दिसतं. तुमच्या मिस्टरांना मी हेच सुचवेन की ‘फक्त अभ्यास’ या नियमाऐवजी ‘नवं ॲप आलं की विनंती येईल, त्यावर दोन मिनिटं बोलू’ असा नियम करा. मुली हा नियम पाळतात, कारण त्यात त्यांचं म्हणणं ऐकलं जातं.

मामाचा फोन तिच्या हातात देण्याआधी तो पूर्ण रीसेट करा. मामाचं गूगल खातं, फोटो, जुने मेसेज, बँकेची ॲप्स, काही उरता कामा नये. मग सेटिंगमध्ये शेवटचं सुरक्षा अपडेट कधीचं आहे ते बघा. ते दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल आणि नवीन येतच नसेल, तर त्या फोनवर इन्स्टाग्राम, बँक, यूपीआय असं काही ठेवू नका. फोन करायला आणि मर्लिन-फायफॉक्सला तो चांगला आहे.

क्लासला एकटी जाणार आहे म्हणून: 112 इंडिया हे सरकारी ॲप टाका. फोनच्या सेफ्टी सेटिंगमध्ये आणीबाणीचं बटण शोधा, बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबलं की मदतीचा कॉल सुरू होतो. तिच्याकडून एकदा करवून घ्या, म्हणजे कॉल लागण्याआधी रद्द कसा करायचा तेही तिला कळेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी एवढं लिहितेय. कितीही सेटिंग केलं तरी कधीतरी कुणीतरी घाण मेसेज पाठवेल, फोटो मागेल, किंवा फोटो मिळवून ‘पैसे दे, नाहीतर गावभर करतो’ म्हणेल. त्या रात्री ती तुमच्याकडे येईल की नाही, हे आज ठरतं. मुलींना मी विचारते की सांगितलं का नाहीस, तर उत्तर एकच असतं: फोन काढून घेतला असता. म्हणून फोन देताना तिला तोंडाने सांगा, तिच्या वडिलांसमोर सांगा: काही झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही. चूक तुझी असली तरी नाही. आणि तो शब्द पाळा, पहिल्यांदा राग अनावर झाला तरीही.

तसं काही घडलंच तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढून त्या खात्याचं नाव टिपून ठेवायचं, मग ब्लॉक. फोटो उघड्या अंगाचा असेल तर ‘पुरावा’ म्हणून तो काकाला, मामाला, सरांना पाठवत बसू नका. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे, आणि त्या साखळीत आपलेच लोक अडकतात. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्राच्या पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मुलांसाठीची हेल्पलाइन चाइल्डलाइन 1098. ‘टेक इट डाऊन’ ही अठरा वर्षांखालच्यांसाठीची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. म्हणून मूळ फोटोसुद्धा घाबरून लगेच पुसू नका, ठसा त्याच्यावरूनच निघतो.

दहावीला सगळं काढून टाकावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण जूनमध्ये विचाराल. लिचेस, मर्लिन, चित्रकला राहू द्या, अर्ध्या तासाचा विरंगुळा लागतोच. इन्स्टाग्राम पूर्वपरीक्षेच्या आधी तिचं तिला डीॲक्टिव्हेट करायला सांगा. ते डिलीट करणं नव्हे, परीक्षा झाली की लॉगिन केल्यावर सगळं जसंच्या तसं परत येतं. बहुतेक मुली हे ऐकून तयार होतात, कारण मित्रमैत्रिणी नि फोटो गमवायची भीती निघून जाते. तारीख मात्र तिलाच ठरवू द्या.